रंगावर बसणारी धूळ, छातीत उतरणारी धूळ

कांजूरमार्ग पश्चिमेला गांधीनगर नाक्यावरून भांडुपच्या दिशेने निघालं की लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेला आणि आत वळणाऱ्या गल्ल्यांमध्ये डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजं दिसू लागतात. एखाद्या गाळ्यात ठोकून सरळ केलेल्या दरवाज्यावर पुट्टी घासली जात असते, शेजारी कॉम्प्रेसर धडधडत असतो. रंग मारायची वेळ झाली की एक ठरलेली तयारी सुरू होते. जमिनीवर पाणी मारलं जातं. शटर अर्ध्यावर येतं, उरलेल्या जागेत प्लॅस्टिकचा पडदा लागतो. आणि स्प्रे गन हातात घेण्याआधी पंखा बंद केला जातो.

पंखा बंद का, तर रंगावर कचरा बसू नये म्हणून. ओल्या रंगावर धुळीचा एक कण जरी बसला तरी तो सुकल्यावर दाण्यासारखा वर येतो. गिऱ्हाईक बोनेटवरून हात फिरवतं, दाणा हाताला लागतो आणि काम परत येतं. पुन्हा घासा, पुन्हा रंग मारा. त्यात गेलेला दिवस आणि माल दोन्ही कारागिराच्या पदरचे. त्यामुळे पंखा बंद करण्यामागचा हिशेब अगदी व्यावहारिक आहे.

फक्त त्या हिशेबात एक गोष्ट धरलेली नसते. धूळ आत येऊ नये म्हणून कोंडलेल्या त्याच हवेत रंगाचा फवारा, थिनरची वाफ आणि हार्डनरचे बारीक थेंब मिसळत राहतात आणि पुढचा अर्धा तास कारागीर तीच हवा श्वासात घेतो. गाडीवरचा दाणा दिसतो, तो घासून काढता येतो. छातीत गेलेला दिसत नाही. पण मग चांगलं फिनिशिंग आणि चांगली छाती यांतलं एकच निवडावं लागतं का? विज्ञानाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. धूळ थांबवण्याची खरी रीत आणि माणसाला वाचवण्याची रीत जवळजवळ एकच आहे.

एका दाण्याचं गणित

माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गाडीवरचा सगळा रंग, म्हणजे प्रायमर, रंगाचा थर आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून, शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास भरतो. त्यातला चमक देणारा क्लिअर कोट ४० ते ६० मायक्रॉनचा, म्हणजे एका केसापेक्षाही पातळ.

एवढ्या पातळ थरात २०-३० मायक्रॉनचा कण अडकला, तर तो बुडत नाही. पृष्ठताणामुळे ओला रंग कणाच्या अंगाने वर चढतो आणि त्याच्याभोवती छोटी टेकडी तयार होते. कण स्वतः डोळ्यांना दिसण्याइतका मोठा नसतो, पण चकचकीत पृष्ठभागावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्या जागी मोडतं आणि नजर नेमकी तिथेच जाते. मॅट रंगाच्या भिंतीवर असे हजारो कण खपून जातात, गाडीच्या बोनेटवर एकही खपत नाही.

दाणा आलाच तर तो दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरने अलगद घासून, रबिंग करून उतरवता येतो. पण प्रत्येक घासणीत क्लिअर कोटचे काही मायक्रॉन जातात. हाच थर उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवत असतो. वारंवार रबिंग केलेल्या गाडीचा टप काही वर्षांत पांढुरका पडतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

पूर्वी ही अडचण थोडी सोपी होती. १९२३ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचा नायट्रोसेल्युलोजवर आधारलेला ‘ड्यूको’ रंग मोटारींवर आला आणि आठवडे-आठवडे चालणारं व्हार्निशचं सुकणं काही तासांवर आलं. आपल्याकडे ते नाव इतकं रुजलं की आजही गाडीच्या रंगाला सर्रास ‘ड्यूको पेंट’ म्हणतात. हा रंग थिनर उडून गेल्यावर काही मिनिटांत वरून सुकतो, त्यामुळे धुळीला बसायला वेळच थोडा मिळतो. त्याच्या जागी आलेले दोन डब्यांचे पॉलियुरेथेन रंग, म्हणजे एका डब्यात रंग आणि दुसऱ्यात हार्डनर, जास्त टिकाऊ आणि जास्त चकचकीत असतात. पण ते रासायनिक क्रियेने घट्ट होतात. वरचा थर धूळ न चिकटण्याइतका सुकायला पंधरा मिनिटं ते अर्धा तास आणि पक्का व्हायला रात्र जाते. भट्टीच्या बूथमध्ये ६० अंश सेल्सिअसला अर्ध्या तासात काम होतं, पण भट्टी प्रत्येक गॅरेजला परवडत नाही. चमक वाढली आणि धुळीला मिळणारा वेळही वाढला.

कांजूरची हवा

या रस्त्याचं रंगाशी आणि गाड्यांशी जुनं नातं आहे. १९४२ साली मुंबईत सुरू झालेल्या एशियन पेंट्सचा कारखाना अनेक दशकं शेजारच्या भांडुपला होता. याच रस्त्याने दक्षिणेला कुर्ल्यात गेलं की प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता, तिथे मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी तयार होत असे. आज कुर्ल्याची आणि कांजूरच्या क्रॉम्प्टन ग्रीव्हजची जुनी कारखान्याची जमीन उंच इमारतींखाली गेली आहे. दुरुस्तीची कामं मात्र छोट्या गाळ्यांमधून चालूच आहेत.

त्या गाळ्यांच्या दारातली हवा साधी नाही. लालबहादूर शास्त्री मार्गावर गेली काही वर्षं मेट्रो-४ चं काम चाललेलं आहे. गांधीनगर नाक्यावर जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याची वाहतूक येऊन मिळते. जुन्या चाळी आणि कारखाने पाडून नवे मनोरे उठताहेत. रेल्वेच्या पूर्वेला कचराभूमीकडे जाणाऱ्या डंपरची ये-जा आहे. त्यात डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही, वारा मंदावतो आणि धूळ खालीच साठून राहते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा फारच बिघडल्यावर महापालिकेने बांधकामांसाठी धूळ रोखण्याचे नियम काढले. भूखंडाभोवती २५ किंवा ३५ फूट उंच पत्रे, पाण्याचे फवारे, झाकलेले डंपर, धुतलेली चाकं असे उपाय त्यात होते. पण हे नियम रस्त्यावरची धूळ कमी करण्यासाठी आहेत. गाळ्यात शिरलेल्या धुळीचं काय करायचं, हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

धूळ किती असते याचा एक साधा हिशेब करता येईल. भारतातल्या मानकानुसार हवेत दहा मायक्रॉन आणि त्याहून बारीक कणांचं, म्हणजे पीएम १० चं, दिवसाचं प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत असावं. म्हणजे ही कायद्याने ‘ठीक’ मानलेली हवा झाली. सात मीटर लांब आणि चार मीटर रुंद रंगाच्या बूथमध्ये वरून खाली सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने हवा सोडली, तर तासाला सुमारे ३० हजार घनमीटर हवा आत येते. त्यातली धूळ भरते अवघी तीन ग्रॅम, म्हणजे अर्धा-पाऊण चमचा. पण हे सगळे कण दहा मायक्रॉनचे धरले, तर त्यांची संख्या जाते सुमारे ३०० कोटींवर. बोनेटवर नजरेत भरायला यातले चार पुरेत.

धूळ येते कुठून?

बाहेरच्या हवेला दोष देणं सोपं आहे, पण रंगावर बसणारा पुष्कळसा कचरा आतलाच असतो. त्याच्या वाटा चार.

पहिली वाट म्हणजे खुद्द गाडी. दरवाज्याच्या फटी, चाकांवरच्या कमानी, बोनेटखालच्या खोबणी यांत घासलेल्या पुट्टीची भुकटी साचलेली असते. स्प्रे गनच्या हवेचा झोत फटीवर पडला की ती उडून थेट ओल्या रंगावर येते. म्हणून गाडी रंगाच्या जागेत नेण्याआधी बाहेर धुवायची आणि फटींमधून हवा मारायची ती तिथेच. रंगाच्या खोलीत उभं राहून हवा मारणं म्हणजे झाडून काढलेला कचरा पुन्हा घरभर करणं.

दुसरी वाट म्हणजे माणूस. सुती कपड्यांमधून तंतू सुटत राहतात, अंगावरून त्वचेचे कण झडत राहतात. सकाळपासून पुट्टी घासलेल्या शर्टावरच दुपारी रंग मारला, तर कारागीर स्वतःच धुळीची पोती घेऊन आत शिरतो. तंतू न सोडणारा अंगभर सूट आणि डोक्यावर टोपी, एवढ्यानेही फरक पडतो.

तिसरी वाट म्हणजे झाकायला वापरलेला कागद. काचा, दिवे झाकायला गॅरेजात रद्दीची वर्तमानपत्रं लावतात. वर्तमानपत्राचा कागद वाचायला चांगला, पण त्याच्या फाडलेल्या कडांमधून तंतू सुटतात आणि थिनर लागला की शाई उतरते. मास्किंगसाठी मिळणारा वेगळा कागद किंवा पातळ प्लॅस्टिक हा त्यावर स्वस्त उपाय आहे.

चौथी वाट म्हणजे रंग आणि कॉम्प्रेसर. डब्याच्या तोंडाशी सुकलेली पापडी, ढवळायच्या काठीवरचा जुना रंग, नळीतला गंज, टाकीत साठलेलं पाणी आणि तेल हे सगळं गनमधूनच बाहेर येतं. रंग जाळीच्या गाळणीतून गाळून घेणं आणि कॉम्प्रेसरची टाकी रोज सकाळी रिकामी करणं हे दोन मिनिटांचं काम आहे. पावसाळ्यात ते टाळलं तर हवेतलं पाणी रंगात उतरतं. तेलाचा थेंब आला तर दाणा न येता उलट गोल खड्डा पडतो, कारण तेलावर रंग टिकत नाही, बाजूला सरकतो.

याशिवाय एक न दिसणारा चुंबक असतो, तो म्हणजे स्थिर वीज. प्लॅस्टिकचा बंपर कोरड्या फडक्याने जोरात पुसला की त्यावर विद्युतभार साठतो आणि हवेतले कण तो ओढून घेतो. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत हे जास्त होतं. साफ करायला पुसावं आणि त्यामुळेच धूळ चिकटावी, असा हा प्रकार. बंपर ओलसर फडक्याने, स्थिर वीज घालवणाऱ्या द्रवाने पुसायचा आणि शेवटी तंतू न सोडणारं किंचित चिकट कापड दाब न देता फिरवायचं, ही त्यावरची रीत.

थांबलेली हवा की वाहती हवा?

आता पंखा बंद करण्याकडे परत येऊ. हवा थांबवली की धूळ खाली बसेल, हा त्यामागचा समज. मोठ्या कणांपुरता तो खरा आहे. निवांत हवेत मातीचा ५० मायक्रॉनचा कण दोन मीटर खाली यायला दहा-बारा सेकंद घेतो. दहा मायक्रॉनच्या कणाला चार-पाच मिनिटं लागतात. अडीच मायक्रॉनच्या कणाला मात्र तासापेक्षा जास्त वेळ लागतो.

आणि गॅरेजमधली हवा निवांत नसतेच. स्प्रे गन मिनिटाला काहीशे लिटर हवा फेकते, म्हणजे पंखा बंद केला तरी कारागिराच्या हातात दुसरा पंखा चालूच असतो. माणूस गाडीभोवती फिरतो, नळी जमिनीवरून ओढली जाते, खाली बसलेली धूळ पुन्हा उठते. कोंडलेल्या खोलीत उठलेल्या कणाला बाहेर जायला वाट नाही. तो कुठे तरी बसणारच आणि समोर सगळ्यात चिकट जागा असते ती नुकती रंगवलेली.

हाच पेच १९६०च्या सुमारास अमेरिकेत सँडिया प्रयोगशाळेतल्या विलिस व्हिटफील्ड या शास्त्रज्ञापुढे होता. सूक्ष्म यंत्रभाग जोडायच्या खोल्या कितीही पुसल्या तरी धूळ उरत असे. त्यांनी विचार उलटा केला. धूळ बसू देऊन पुसण्यापेक्षा ती बसण्याआधीच वाहून न्यायची. गाळलेली हवा एका दिशेने, संथ आणि सलग सोडायची आणि समोरच्या बाजूने काढून घ्यायची, म्हणजे हवेचाच झाडू. आज शस्त्रक्रियेच्या खोल्यांपासून चिप बनवणाऱ्या कारखान्यांपर्यंत हेच तत्त्व चालतं. कांजूरमार्ग स्टेशनवरून रिक्षाने जाता येईल अशा पवईच्या आयआयटीत नॅनोइलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळा आहेत, तिथल्या स्वच्छ खोल्यांमध्येही तेच.

रंगाचा चांगला बूथ हा याच खोल्यांचा साधा भाऊ. छतातून गाळलेली हवा येते, गाडीवरून संथपणे खाली सरकते आणि जमिनीतल्या जाळीतून फवारा, वाफ, तंतू सगळं घेऊन बाहेर जाते. वर हिशेब केलेल्या बूथमधली सगळी हवा साधारण नऊ-दहा सेकंदांत बदलते. इथे पंखा धूळ आणत नाही, तोच ती काढून नेतो.

मग गाळ्यातला पंखा धूळ का आणतो? कारण तो फक्त हवा बाहेर फेकतो. जितकी हवा बाहेर जाते तितकी आत येणारच. ती शटरच्या फटीतून, पत्र्याच्या भोकातून, जोरात आणि न गाळता येते, रस्त्यावरची धूळ घेऊन. कारागिराला दिसतं ते खरंच आहे, पंखा लावला की कचरा वाढतो. दोष मात्र पंख्याचा नाही. आत येणाऱ्या हवेला गाळणीची वाट दिलेली नाही, हा आहे.

रंगाची गाळणी आणि नाकाची गाळणी

इथे एक उलटा न्याय आहे. बूथच्या छतातली गाळणी प्रामुख्याने दहा मायक्रॉनहून मोठे कण अडवण्यासाठी असते, कारण रंग बिघडवणारे कण तेच. त्याहून बारीक कण थरात बुडून जातात, दिसत नाहीत. माणसाच्या शरीरात नेमकं याच्या विरुद्ध घडतं. दहा मायक्रॉनहून मोठे कण बहुतेक नाकात आणि घशात अडतात, शिंकेतून, कफातून बाहेर पडतात. फुप्फुसाच्या खोल वायुकोशांपर्यंत पोहोचतात ते चार-पाच मायक्रॉनच्या खालचे. म्हणजे रंगाला जे चालतं तेच छातीला चालत नाही. निर्दोष चमकणारं बोनेट हा हवा शुद्ध असल्याचा पुरावा नव्हे.

आणि स्प्रे गनच्या फवाऱ्यात असे बारीक थेंब भरपूर असतात. गाडीवर न बसलेला हा फवारा धुक्यासारखा तरंगतो. ट्यूबच्या उजेडात त्यातला मोठा भाग दिसतो, सर्वांत बारीक भाग दिसत नाही.

वास नसलेला धोका

दोन डब्यांच्या रंगातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट गटातली रसायनं असतात. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला तो याच रसायनांच्या आधारे. आयसोसायनेट हा शब्द आपल्याकडे १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेमुळे माहीत झाला. तिथला वायू मिथाइल आयसोसायनेट होता, झटकन उडणारा आणि जीवघेणा. गाडीच्या हार्डनरमधली रसायनं त्या कुळातली असली तरी वेगळी. ती सहजी उडत नाहीत. ब्रशने लावली तर हवेत फार येत नाहीत. पण गनमधून फवारली की थेंबांवर बसून सरळ श्वासात जातात.

त्यांचा मुख्य त्रास म्हणजे दमा. काही जणांच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा या रसायनाला शत्रू म्हणून ओळखायला शिकते. याला महिने लागतात, कधी वर्षं. एकदा ही ओळख झाली की मग अगदी किंचित मात्राही झटका आणू शकते. शेजारच्या गाळ्यात कुणी रंग मारत असला तरी छाती दाटते. त्वचेवर सांडलेल्या हार्डनरमधूनही ही ओळख पटू शकते, म्हणून हातमोजे लागतात. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणेने तिथल्या वाहन रंगवणाऱ्या कामगारांना दम्याचा धोका इतर कामगारांच्या सुमारे ८० पट असल्याचं नोंदवलं आहे. युरोपीय संघात ऑगस्ट २०२३ पासून अशी रसायनं व्यवसायात वापरणाऱ्या प्रत्येकाला आधी प्रशिक्षण घेणं सक्तीचं झालं. भारतातही कामगारांच्या सुरक्षेच्या कायद्यातल्या नोंदवण्यायोग्य रोगांच्या यादीत आयसोसायनेटच्या विषबाधेचं नाव आहे. पण दोन-चार माणसांचं गॅरेज सहसा त्या कायद्याच्या कक्षेतच येत नाही.

धोका ओळखण्यात दोन गोष्टी फसवतात. एक म्हणजे वास. गॅरेजात जो झणझणीत वास येतो तो थिनरचा. आयसोसायनेटचा वास नाकाला कळेपर्यंत त्याचं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या बरंच वर गेलेलं असतं. त्यामुळे वास गेला म्हणजे हवा साफ झाली, हे गृहीत धरता येत नाही. दुसरी म्हणजे वेळ. खोकला आणि धाप अनेकदा कामावर लागत नाही, संध्याकाळी किंवा रात्री घरी गेल्यावर लागते. मग दोष हवेला, थंडीला, बाहेरच्या खाण्याला जातो.

ओळखण्याची एक साधी खूण आहे. सुटीच्या दिवशी किंवा गावी गेल्यावर बरं वाटतं आणि कामावर परतलं की पुन्हा त्रास सुरू होतो का? तसं असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगायला हवं. रुग्णाला ‘काम काय करता’ हे विचारा, असा सल्ला इटलीच्या बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्याने तीनशे वर्षांपूर्वी कामगारांच्या आजारांवरच्या ग्रंथात दिला होता. आजही खोकल्याचं औषध लिहून देताना हा प्रश्न राहून जातो. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजणारं छोटं यंत्र औषधाच्या दुकानात मिळतं. कामाच्या आणि सुटीच्या दिवसांत काही आठवडे त्याच्या नोंदी ठेवल्या तर डॉक्टरांना निदानाला मोठी मदत होते. लवकर ओळखून संपर्क तोडला तर बरं होण्याची शक्यता चांगली असते. वर्षानुवर्षं अंगावर काढलं तर काम सोडूनही दमा राहू शकतो.

दमा हा एकच धोका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रंगाऱ्याचा व्यवसाय हाच कर्करोगकारक गटात धरला आहे. फुप्फुस आणि मूत्राशयाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आढळला आहे. जुना रंग कोरडा घासताना शिशाची भुकटी उडू शकते. भारतात नोव्हेंबर २०१७ पासून रंगात शिसं दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंतच ठेवण्याचा नियम आहे, पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांना लागू आहे. गाड्यांच्या आणि औद्योगिक रंगांना नाही. म्हणून पाणी मारत घासणं हे फिनिशिंगसाठी जितकं चांगलं, तितकंच रक्तासाठीही.

पंखा चालू ठेवून

लाखो रुपयांचा बूथ प्रत्येक गाळ्यात बसणार नाही. पण वाहत्या हवेचं तत्त्व लहान जागेतही थोडं फार आणता येतं. पंख्याच्या समोरच्या बाजूला, शक्यतो वर, एक मोठी चौकट करून तिच्यावर बूथच्या गाळणीचं कापड ताणायचं. त्याचा रोल बाजारात मिळतो. चौकट जितकी मोठी तितका हवेचा वेग कमी आणि गाळणं चांगलं. बाकी फटी बंद करायच्या. मग पंखा चालू ठेवला तरी आत येणारी हवा गाळूनच येते. पंख्याची मोटर मात्र ठिणगी न पडणारी, ज्वालारोधक प्रकारची हवी. थिनरच्या वाफेत साध्या मोटरची ठिणगी पुरेशी असते.

हवा कुठून येते आणि कुठे जाते ते पाहायला उदबत्तीचा धूर पुरतो. अर्थात रंग आणि थिनरचे सगळे डबे आधी लांब नेऊन. धूर फटीकडून आत वळताना दिसला, तर धूळ तिथूनच येते. बाहेर फेकली जाणारी हवाही गाळूनच सोडायला हवी. नाहीतर गाळ्यातला फवारा मागच्या चाळीच्या खिडकीत जातो.

इथे रंग आणि माणूस यांच्यात एक खरा मतभेद आहे. बूथमध्ये बाहेरपेक्षा किंचित जास्त दाब ठेवला तर फटींतून धूळ आत येत नाही, म्हणून रंगाऱ्यांना तो आवडतो. पण मग फवारा फटींतून बाहेर, दुसऱ्या कामगारांकडे जातो. ब्रिटनमधला सुरक्षा सल्ला त्यामुळे किंचित कमी दाब ठेवण्याचा आहे. दोन्ही साधायचं तर फटीच उरू द्यायच्या नाहीत. दाराला चांगलं रबर लावणं हा दाबाच्या वादावरचा सर्वांत स्वस्त तोडगा.

आणि हवा कितीही वाहती ठेवली तरी फवाऱ्याजवळ उभ्या माणसाला मुखवटा लागतोच. तोंडाला बांधलेला रुमाल निरुपयोगी आहे. एन-९५ कण अडवतो, वाफ अडवत नाही. किमान वाफ शोषणाऱ्या डब्या आणि कणांची गाळणी असलेला रबरी मुखवटा हवा, डब्या ठरावीक काळाने बदलायला हव्यात. दाढी असेल तर तो चेहऱ्याला नीट बसत नाही. दोन डब्यांच्या रंगासाठी उत्तम म्हणजे बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटा. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे गन थांबली की लगेच काच वर करून काम पाहणं. दिसेनासं झालेलं धुकं तेव्हा हवेत असतंच. ब्रिटनमधल्या मार्गदर्शनानुसार चांगला बूथ साफ व्हायला सरासरी पाच मिनिटं लागतात, साध्या खोलीला वीस. पंखा बंद असलेल्या गाळ्यात त्याहून किती तरी जास्त.

हीच गोष्ट घरातही

हा प्रश्न गॅरेजपुरता नाही. घरात नवं फर्निचर केलं की हल्ली पीयू पॉलिश मागितलं जातं. पीयू म्हणजे तेच पॉलियुरेथेन, दोन डब्यांतलं, अनेकदा गननेच मारलेलं. सुतार धूळ बसू नये म्हणून हॉलच्या खिडक्या बंद करतो आणि आतल्या खोलीत आजी आणि नातवंडं बसलेली असतात. असं काम असेल तर पल्ले आणि ड्रॉवर शक्यतो बाहेर, वर्कशॉपमध्ये रंगवून आणायला सांगावेत. घरातच करायचं तर त्या दिवसांत घर रिकामं ठेवावं, विशेषतः लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण तिथे नसावेत. काम झाल्यावर खिडक्या उघडून भरपूर हवा खेळू द्यावी.

गाडी रंगवायला देतानाही एरवी विचारले जातात ते दोनच प्रश्न, किती पैसे आणि कधी मिळेल. त्यात तिसरा घालता येईल. रंग मारताना हवा बाहेर जायची काय सोय आहे? जिथे या प्रश्नाचं नीट उत्तर मिळेल तिथे रंगात दाणे कमी असतील, कारण दोन्ही गोष्टी एकाच सोयीवर अवलंबून आहेत. आणि एक दिवस उशिरा गाडी मिळाली तर कुरकुर कमी करता येईल. घाईतच पंखा बंद होतो आणि मुखवटा खुंटीला राहतो.